किनोशिताच्या हातातला टॉवेल

आमच्या सोलापुरात टॉवेल दोन प्रकारचे. एक अंग पुसायचा आणि दुसरा द्यायचा. पुसायचा टॉवेल जाड, मऊ, पाण्याला हपापलेला. तो मोठ्या कारखान्यांत होतो आणि बराचसा बोटीत बसून परदेशी जातो. द्यायचा टॉवेल टोपीबरोबर जातो. लग्नात व्याह्यांच्या खांद्यावर, निवृत्तीला तलाठ्याच्या खांद्यावर, निवडून आल्यावर सरपंचाच्या आणि पडला तर सांत्वन म्हणून पडलेल्याच्याही. टोपी डोक्यावर, टॉवेल खांद्यावर, फोटो, टाळ्या. मग तो घरी जाऊन कपाटात बसतो आणि पुढच्या लग्नसराईत दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर चढतो. माढ्यात दिलेला टॉवेल करमाळ्याला त्याच प्लास्टिकमध्ये परत मिळालेला मी पाहिला आहे.

प्रभुलिंग हत्तुरे, म्हणजे सगळ्या पेठेचे अण्णा, हे या द्यायच्या टॉवेलांचे ठोक व्यापारी. मधल्या मारुतीजवळ त्यांचं दुकान आणि बरोबर समोर माझं चष्म्याचं. लोकांना नीट दिसावं हा माझा धंदा, आणि गिऱ्हाईक नसताना मला दिसतं ते फक्त अण्णांचं दुकान. त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलायचा माझ्याइतका अधिकार दुसऱ्या कुणाला नाही. त्यांच्या बायकोलाही नाही, कारण ती बिचारी त्यांना फक्त घरी असताना बघते.

अण्णांच्या टॉवेलाने अंग पुसलं तर पाणी जात नाही, जागा बदलतं. पाठीवरचं पोटावर येतं. एकदा माझ्या काउंटरवर चहा सांडला म्हणून मी समोरून एक टॉवेल मागवला. चहा टॉवेलाखालून सरकत सरकत कडेपर्यंत गेला आणि खाली माझ्या चपलेत उतरला. टॉवेल कोरडाच. मी तो घडी करून परत पाठवला आणि अण्णांनी तो पुन्हा थप्पीवर ठेवला. खुद्द अण्णांच्या न्हाणीघरात दाक्षायणीवहिनी उदयसिंहशेठच्या शोरूममधले जाड टॉवेल वापरतात, ही गोष्ट पेठेत सर्वांना ठाऊक आहे आणि अण्णांपुढे कुणी काढत नाही.

पण एक मान्य करायला हवं. त्या टॉवेलाला काठ आहे. दोन मरून पट्टे, मधे पोपटी आणि बाहेरच्या अंगाला बारीक करवत, म्हणजे करवतीच्या दातांसारखी नक्षी. तो काठ अण्णांनी तरुणपणी स्वतः कागदावर काढलेला, आणि तो ते कुठेही ओळखतात. मांडवात जेवायला बसले की समोरच्या रांगेकडे बोट दाखवून म्हणतात, "तो माझा. ती टोपी दुसऱ्याची, पण टॉवेल माझा." त्यांच्या मुलीच्या, महेश्वरीच्या लग्नात कुंभारीकडच्या पाहुण्यांनी आहेरात जे टॉवेल दिले त्यांतले निम्मे अण्णांच्याच दुकानातून फार पूर्वी गेलेले होते. दुसऱ्या कुणाला लाज वाटली असती. अण्णा आम्हाला बोलवून बोलवून दाखवत होते, "माल कसा टिकलाय बघा की!" न टिकून सांगतो कुणाला? वापरलाच नव्हता.

अशा या सुखी माणसाला एकच दुःख होतं. सगळ्या जिल्ह्याचे सत्कार अण्णांच्या टॉवेलांवर झाले आणि अण्णांचा एकही झाला नाही. ते गठ्ठा घेऊन मागच्या दाराने यायचे, तो स्टेजच्या कडेला ठेवायचे आणि लाउडस्पीकरवाल्याशेजारी उभे राहायचे. आभारात मंडपवाल्याचं नाव यायचं, आचाऱ्याचं यायचं, टॉवेलवाल्याचं कधी नाही. आमच्या व्यापारी मंडळाचा दिवाळी पाडव्याला स्नेहमेळावा असतो आणि त्यात दरवर्षी एका व्यापाऱ्याचा सत्कार होतो. दरवर्षी अण्णा नवा शर्ट शिवायचे, आणि दरवर्षी मंडळाचे अध्यक्ष उदयसिंहशेठ म्हणायचे, "अण्णा काय, घरचेच हायत की. पुढच्या वर्षी बघू." मंडळातला एकेक दुकानदार शाल पांघरून खाली उतरला. रबरी शिक्के करणाऱ्याचासुद्धा सत्कार झाला. माझाही झाला, आणि त्यानंतर महिनाभर अण्णा माझ्याकडे पाहून नुसतेच हसायचे, बोलायचे नाहीत.

तर हे असं चाललेलं असताना, मार्च महिन्यात एका सकाळी अण्णा मोबाइल पुढे धरून रस्ता ओलांडून धावत आले. एका रिक्षावाल्याने त्यांच्या कुळाचा उद्धार केला, तोही त्यांना ऐकू गेला नाही.

"ओ वेणीमाधवराव, तुमच्याकडचं भारीतलं भारी भिंग काढा."

त्यांचा मुलगा सोमेश अमेरिकेत कॉम्प्युटरमध्ये आहे. त्याने एक व्हिडिओ पाठवला होता. हॉटेलच्या व्हरांड्यात एक किडकिडीत जपानी मुलगा उभा आहे. त्याने टॉवेलाचं एक टोक दोन बोटांत धरलंय आणि तो हात डोक्यामागून आणून सपकन पुढे मारतोय. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. सोमेशने खाली लिहिलं होतं की हा सातोरु किनोशिता, जपानचा बेसबॉलचा पिचर, म्हणजे आपल्याकडचा बोलर समजा. यंदा पहिल्यांदाच अमेरिकेच्या मोठ्या स्पर्धेत उतरतोय. तिकडचे पिचर खांद्याला ताण नको म्हणून बॉल न घेता असा टॉवेल फिरवून सराव करतात. तुमच्या धंद्यातलं आहे म्हणून पाठवलं.

"काठ बघा," अण्णा म्हणाले.

मी मोबाइल भिंगाखाली धरला. टॉवेल एवढ्या जोरात फिरत होता की काठ काय, टॉवेलही धड दिसेना. मधेच तो थांबला तेव्हा काहीतरी लालसर आणि काहीतरी हिरवट दिसलं. खालच्या सतरंजीतही तेच रंग होते.

"मरून, पोपटी, मरून," अण्णा म्हणाले. "करवत दिसली? माझा हाय."

"अण्णा, जपानात टॉवेल होत नाहीत का?"

"व्हत असतील. पन हा माझा हाय."

फार वर्षांपूर्वी मुंबईच्या एका दलालाने त्यांच्याकडून काही गठ्ठे नेले होते आणि माल 'बाहेर' जाणार असं सांगितलं होतं. बाहेर म्हणजे ठाणे की टोकियो हे त्याने सांगितलं नाही आणि अण्णांनी विचारलं नाही. आता त्यांना उत्तर सापडलं होतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेला कळलं की अमेरिकेत जो जपानी पिचर उतरणार आहे तो सोलापूरच्या टॉवेलावर तयार झालेला आहे.

उदयसिंहशेठना कळल्यावर ते अण्णांच्या दुकानासमोर गाडी थांबवून, काच खाली करून म्हणाले, "अण्णा, खरंच तुमचा असंल तर यंदा पाडव्याला सत्कार तुमचाच. पन पुरावा पायजे. आनि तो पोरगा जिंकला पायजे. हरणाऱ्याच्या टॉवेलाचा सत्कार करून काय करू?" काच वर झाली. त्यांना वाटलं विषय मिटला. अण्णांना वाटलं तारीख ठरली.

एप्रिलमध्ये हंगाम सुरू झाला. किनोशिताचा संघ अमेरिकेच्या पश्चिम टोकाचा, त्यामुळे त्यांची संध्याकाळ म्हणजे आमचा सकाळचा चहा. सोमेशने काहीतरी पासवर्ड पाठवला आणि अण्णांनी दुकानात टीव्ही बसवला. हॉटेलवाला गुंडा किटली घेऊन यायचा आणि जायचाच नाही. अण्णांच्या तोंडात किनोशिताचं दोन दिवसांत किनोशेट्टी झालं.

"नावावरनं आपल्यातलाच वाटतो," गुंडा म्हणाला.

"जरा लांबचा असंल," अण्णांनी गंभीरपणे मान्य केलं.

खेळ कुणालाच कळत नव्हता. किनोशिताने पहिला बॉल टाकला आणि सगळं दुकान एका सुरात ओरडलं, "फेकतोय की!" आमच्याकडे असा कोपरातून हात वाकवला तर गल्लीतल्या मॅचमध्येसुद्धा नो-बॉल देतात आणि वर मार देतात. आख्खी अमेरिका राजरोस फेकी बोलिंग करते आणि त्याचेच पैसे मिळतात, हे पचवायला गुंडाला दोन आठवडे लागले. आपण भलत्या देशात जन्मलो असं तो तेव्हापासून म्हणतो.

पण पोरगं फेकायचं झकास, हे मीही सांगतो. हंगामाआधी अमेरिकेतले जाणकार म्हणत होते की हा फार बारीक आहे, तिकडचा बॉल वेगळा, प्रवास लांबचा, जूनपर्यंत मोडेल. किनोशिताचा बॉल सरळ यायचा आणि बॅटपाशी पोचल्यावर पायरी उतरल्यासारखा खाली जायचा. रेड्यासारखे दांडगे फलंदाज हवेत बॅट फिरवून स्वतःभोवती गिरकी घ्यायचे आणि पंचाकडे संशयाने बघत परत जायचे. पहिली मॅच त्याने जिंकली, दुसरीही जिंकली. त्याने चेहरा कधी हलवला नाही. त्याच्या वाटचा आनंद इकडे अण्णा करत होते.

प्रत्येक विजयानंतर अण्णा समोरून मला नमस्कार घालायचे, जणू बॉल त्यांनीच टाकला होता. पिचर रोज खेळत नाही, पाचसहा दिवसांनी खेळतो, याचं कारण गुंडाने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "टॉवेल वाळायला वेळ लागतो." सगळे हसले. अण्णा मात्र चिडून म्हणाले, "माझा टॉवेल वल्लाच होत न्हाय, तर वाळंल कशाला?" आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

जूनमध्ये एका सकाळी किनोशिताला बेदम मार बसला. बॉल मैदानाबाहेर जात होते आणि अण्णांचा चेहरा उतरत होता. त्या दिवशी त्यांनी बार्शीहून आलेलं लग्नाचं गिऱ्हाईक परत पाठवलं. दुपारी ते माझ्याकडे येऊन बसले आणि बराच वेळ चष्म्यांच्या फ्रेमा बघत राहिले. मग म्हणाले, "धुतला असणार. कुनीतरी टॉवेल धुतला. खळ गेली की त्यात काय ऱ्हायलं?" आणि सोमेशला फोन करून त्यांनी सांगितलं की कसंही कर आणि त्या पोराला निरोप दे, टॉवेल पाण्यात घालू नको. सोमेशने निरोप दिला की नाही माहीत नाही, पण पुढच्या मॅचला किनोशिताने समोरच्या संघाला एकही धाव दिली नाही. त्यानंतर अण्णांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

मग धंदा वाढला. 'चॅम्पियन टॉवेल' असा स्टिकर लावून अण्णा तोच माल विकू लागले. क्रिकेट शिकवणाऱ्यांनी नेले, तालमीवाल्यांनी नेले. स्पर्धा परीक्षांच्या क्लासवाल्यांनीही नेले. अभ्यासात टॉवेल कुठे फिरवायचा हे त्यांनी मुलांना सांगितलं असेलच. चौकात भला मोठा फ्लेक्स लागला: 'टॉवेल सोलापूरचा, डंका अमेरिकेत!' वरच्या ओळीत सगळ्या पक्षांचे पुढारी, मध्ये हात जोडलेले अण्णा, आणि खालच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा किनोशिता. फ्लेक्सवाल्याने त्याच्याही डोक्यावर कॉम्प्युटरने टोपी चढवली होती आणि खांद्यावर टॉवेल टाकला होता. तो फोटो बघून असं वाटायचं की हा पोरगा आत्ताच ग्रामपंचायतीला निवडून आलाय.

दाक्षायणीवहिनींचं डोकं फिरलं. त्या एकदा दुकानात डबा घेऊन आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "साकु! पुरे झालं. उद्या त्यानं सांगितलं की टॉवेल ह्यांचा न्हाय, तर तोंड कुटं लपवणार?"

"त्यो माझा हाय," अण्णा म्हणाले. "मला माझा काठ कळत न्हाय व्हय?" ते ओरडले नाहीत. डब्याचं झाकण उघडून ते खाली बघून जेवू लागले, आणि त्या क्षणी मला पहिल्यांदा भीती वाटली. हा माणूस फुशारकी मारत नव्हता. त्याने सगळं त्या काठावर लावलं होतं.

सप्टेंबर संपला, हंगाम संपला. आपल्या संघाला सर्वांत जास्त मॅच जिंकून देणारा पिचर किनोशिताच होता, आणि नव्याने आलेल्या खेळाडूंत त्याच्या तोडीचा दुसरा कुणी नाही असं तिकडचे जाणकार आता म्हणत होते. तेच जाणकार, जूनपर्यंत मोडेल म्हणणारे. एक अट पुरी झाली. दुसरी राहिली होती. उदयसिंहशेठ रोज जाता येता गाडीची काच खाली करून विचारायचे, "अण्णा, पुरावा?"

पुरावा पाडव्याच्या सकाळी आला. सोमेश चिकाटीने एका जपानी वार्ताहराच्या मागे लागला होता, आणि त्या भल्या माणसाने मुलाखतीत किनोशिताला टॉवेलाबद्दल विचारलं होतं. व्हिडिओखाली सोमेशने लिहिलं होतं, 'अण्णा, आधी मला फोन करा. मग कुणाला दाखवायचं ते ठरवू.' अण्णांनी फोन केला नाही. त्यांनी व्हिडिओ लावला, किनोशिताने टॉवेल दोन्ही हातांनी कॅमेऱ्यासमोर धरला, आणि मरून, पोपटी, मरून, करवत, सगळं लख्ख दिसलं. पुढे तो पोरगा काय बोलतोय ते ऐकायची अण्णांना गरज वाटली नाही. तसंही तो जपानीत बोलत होता आणि खाली इंग्रजी अक्षरं पळत होती. ते तडक स्नेहमेळाव्याच्या मंगल कार्यालयात गेले आणि मोबाइल मोठ्या पडद्याला जोडायला दिला.

मी पोचलो तेव्हा हॉल भरला होता. अण्णा नव्या शर्टात पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी मला हाताला धरून माइकपाशी नेलं. "वेणीमाधवराव, तुमचं इंग्रजी चांगलं हाय. पडद्यावर येईल तसं मराठीत वाचा. जरा मोठ्यानं."

पडद्यावर किनोशिता आला. टॉवेल वर धरला. हॉलमध्ये आरडाओरडा झाला, कारण तो काठ आमच्या प्रत्येकाच्या कपाटात होता. सात महिने ज्या गोष्टीवर मी हसलो होतो ती खरी निघाली. मी वाचायला लागलो.

"हा टॉवेल भारतातला आहे. मी शाळेत असताना आमच्या संघाला कुणीतरी खोकंभर टॉवेल भेट दिले होते."

टाळ्या. अण्णा उठून उभे राहिले आणि चारी दिशांना हात जोडले. म्हणजे जपानातसुद्धा तो आहेरातच गेला होता, असं माझ्या मनात आलं. मग पुढची ओळ आली आणि मी वाचता वाचता अडखळलो. किनोशिता शांतपणे, टॉवेलाकडे प्रेमाने बघत बोलत होता.

"हा टॉवेल," मी म्हणालो, "हा टॉवेल फारच वेगळा आहे. याच्यासारखा दुसरा... माझ्या पाहण्यात नाही."

"काका, तसं नाहीये ते," बाजूला उभी असलेली उत्कर्षा म्हणाली. ही उदयसिंहशेठची सून, सूत्रसंचालन तिच्याकडे होतं. पोरगी गुणी आणि इंग्रजी पक्कं. तिने मदत म्हणून व्हिडिओ मागे नेला आणि स्वच्छ आवाजात वाचला.

"हा टॉवेल पाणी अजिबात शोषत नाही. घाम पुसायला गेलं तर घाम चेहऱ्यावर पसरतो. माझ्या सगळ्या मित्रांनी आपापले टॉवेल टाकून दिले. पण माझ्या लक्षात आलं की हा पावसातही ओला होत नाही, त्यामुळे जड होत नाही, आणि फिरवला की झकास वाजतो. टॉवेल म्हणून हा निरुपयोगी आहे. म्हणूनच सरावाला याच्याइतका चांगला टॉवेल मला कुठे मिळाला नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळा हॉल फुटला. पोट धरधरून हसले लोक. हसता हसता उदयसिंहशेठनी माइक घेतला.

"मंडळी, पुरावा मिळाला! मी जाहीर मान्य करतो, टॉवेल अण्णांचाच. पानी न पिणारा म्हंजे दुसऱ्या कुनाचा असूच शकत न्हाय! या अण्णा, या, वर या. शब्द म्हंजे शब्द."

अण्णा अजून उभेच होते, हात तसेच जोडलेले. बायकांच्या बाजूने वहिनी उठून पुढे आल्या होत्या. त्या हलक्या आवाजात "चला, घरी चला" म्हणत होत्या. मला वाटलं ते जातील, आणि गेले तर बरं होईल असंही वाटलं. पण ते पायऱ्या चढून वर आले. त्यांनी उदयसिंहशेठच्या हातातून माइक घेतला. हसणं हळूहळू कमी झालं, कारण लोकांना वाटलं आता आणखी गंमत होणार.

"मी एकदा चांगला काढला होता," अण्णा म्हणाले. "पानी पिनारा. जाड. कुनाच्या ध्यानात बी नसंल. दोन रुपये जास्तीचा. वर्षभर दुकानात पडून व्हता. जो येईल त्यो हात लावायचा आनि म्हनायचा, अण्णा, साधा दावा. द्यायचाय, वापरायचा न्हाय."

कुणीतरी उगीच खोकलं.

"उदयसिंहशेठ, तुमच्या पोरीच्या लग्नाला टॉवेल कुटनं नेले? माझ्याकडनं. तुमची सोताची शोरूम, जाड टॉवेलानं भरलेली. त्यातला एक तरी दिला पाहुण्याला? जीव झाला न्हाय. फोन करून काय म्हणालात, सांगू?"

उदयसिंहशेठनी शालीची घडी या हातातून त्या हातात घेतली.

"आता हसलात ते सगळे माझं गिऱ्हाईक हायत. तोंडं वळखतो मी. तुमाला मानसाचा मान करायचा असतो, पन सस्त्यात. जेवढा मान मागितला तेवढाच मी मोजून दिला. त्या पोरानं तरी माझा टॉवेल वापरला. टाकला न्हाय, दुसऱ्याला दिला न्हाय, कपाटात न्हाय ठेवला. एवढी वर्सं धंदा केला, वापरनारा एकच भेटला, आनि त्यो बी जपानात."

अण्णा थांबले. आता हॉलमध्ये कुणी कुणाकडे बघत नव्हतं. पहिल्या रांगेतला रबरी शिक्केवाला स्वतःच्या मोबाइलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं शोधत होता. मला अण्णांचा इतका अभिमान वाटला की मी टाळी वाजवायला हात वर केले, आणि दुसरं कुणीच वाजवत नाही असं बघून ते खाली घेतले.

उत्कर्षाने हातातला कागद बघून पुढचं वाक्य म्हटलं, कारण तिला दुसरं काय करायचं ते सुचेना. "तर आता, अध्यक्षांच्या शुभहस्ते, यंदाचे सत्कारमूर्ती..."

उदयसिंहशेठ शाल उलगडत पुढे आले. त्यांचे कान लाल झाले होते. माझी खात्री होती की अण्णा ती शाल घेऊन त्यांच्या तोंडावर फेकणार, आणि तसं झालं असतं तर मी दुकान बंद करून पेढे वाटले असते.

अण्णांनी मान वाकवली.

शाल खांद्यावर पडली आणि त्यांची बोटं आपोआप तिच्या पदराकडे गेली. त्यांनी तो चिमटीत धरून चोळला, धंदेवाला माणूस माल घेताना चोळतो तसा. माइक अजून त्यांच्या दुसऱ्या हातात होता.

"लई हलकी हाय," ते म्हणाले. "असू दे. द्यायचीच होती की."

कुणी हसलं नाही. फोटोवाला खालून ओरडला, "अण्णा, हिकडं बघा." अण्णांनी शाल दोन्ही खांद्यांवर सारखी केली, पोटावरची घडी नीट बसवली, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांचे डोळे भरून आले. मी जवळच होतो, मला स्पष्ट दिसलं. तो राग नव्हता. एवढं सगळं बोलून, ती शाल काय किमतीची आहे हे बोटांनी ओळखून, तो माणूस खूश झाला होता. मला त्यांचा संताप आला, आणि त्यांच्यासाठी वाईटही वाटलं.

फ्लॅश पडला. फोटोवाला कॅमेरा खाली करायला लागला.

"थांब की," अण्णा म्हणाले, "अजून एक काढ."